जोडीदार भिंतीपलीकडे

चेन्नई विमानतळाकडून शहरात येणारा रस्ता सेंट थॉमस माउंट मागे टाकतो आणि गिंडीत शिरतो. इथे उपनगरी रेल्वेचं स्थानक आहे, मेट्रोचा उंच मार्ग आहे, औद्योगिक वसाहत आहे, घोड्यांच्या शर्यतींचं जुनं मैदान आहे, अण्णा विद्यापीठ आहे, किंग इन्स्टिट्यूट आहे. या सगळ्या गर्दीला पाठ लावून एक रान उभं आहे. त्याचं नाव गिंडी राष्ट्रीय उद्यान आणि क्षेत्रफळ जेमतेम २.७ चौरस किलोमीटर. कोरोमंडल किनाऱ्यावर एके काळी लांबवर पसरलेल्या शुष्क सदाहरित जंगलाचा हा उरलेला तुकडा. मोठ्या शहराच्या पोटात राष्ट्रीय उद्यान असण्याची भारतात जी थोडी उदाहरणं आहेत, त्यांत मुंबईच्या बोरिवलीबरोबर गिंडीचं नाव घ्यावं लागतं.

या रानाचा इतिहास म्हणजे ते कसं आकसत गेलं याचा इतिहास आहे. १६७०च्या दशकात मद्रासचा गव्हर्नर विल्यम लँगहॉर्न याने इथल्या जंगलातली थोडी जमीन मोकळी करून बाग आणि निवास उभारला. उरलेलं रान एका खासगी मालकाकडे होतं. ते १८२१मध्ये सरकारने ३५ हजार रुपयांना विकत घेतलं. १९१०मध्ये राखीव वन जाहीर झालं तेव्हा ते ५०५ हेक्टर होतं. १९५८मध्ये त्यातला मोठा भाग आयआयटी मद्रासच्या उभारणीसाठी गेला. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या आग्रहाने आणखी एक भाग हरणांच्या आणि मुलांच्या उद्यानासाठी वेगळा निघाला. १९७४ आणि १९७५मध्ये राजाजी आणि कामराज यांच्या स्मारकांना जागा दिली गेली. १९७८मध्ये, जे उरलं होतं त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाला आणि भिंतीही आल्या. राजभवन, आयआयटी, सर्पोद्यान, बालोद्यान आणि मुख्य रान हे सगळं मुळात एकच जंगल होतं. आज ते कुंपणांनी वाटलेलं आहे आणि चहूबाजूंनी शहराने वेढलेलं आहे. अशा बंदिस्त जागेत राहणारे जीव पुढची पिढी कशी आणतात, हा प्रश्न मला गिंडीत सतत भेटत राहिला. सजीवांना वंश वाढवण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एका वाटेवर दोन जीव लागतात आणि दोघांचा अर्धा अर्धा वारसा घेऊन तिसरा जन्मतो. दुसऱ्या वाटेवर एकटा जीव आपलीच प्रत काढतो. या दोन्ही वाटा गिंडीत पायी फिरून बघता येतात. त्या बघितल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. ज्यांना वंशासाठी दुसरा लागतो त्यांचं भविष्य ही भिंत ठरवते आणि ज्यांना कुणीच लागत नाही त्यांना ती भिंत जाणवतही नाही.

माळावरचा नर

उद्यानाच्या आतल्या भागात सर्वसामान्यांना प्रवेश नाही. लोकांसाठी बालोद्यान आणि सर्पोद्यान खुलं आहे. आतमध्ये पोलो मैदान म्हणून ओळखला जाणारा गवताळ पट्टा आहे आणि तीच इथल्या काळविटांची मुख्य जागा. हे प्राणी मूळचे इथलेच की कुणी आणून सोडलेले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चितळ मात्र १९४५नंतर कधी तरी इथे आणले गेले असावेत असं मानतात, आणि आज त्यांची संख्या काळविटांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

काळवीट मोकळ्या माळाचा प्राणी आहे. दूरवर नजर पोचली पाहिजे, धावायला जागा हवी, झाडोरा विरळ हवा. हे त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी जितकं खरं, तितकंच त्याच्या वंशासाठी. मादी फिकट बदामी रंगाची आणि बहुधा बिनशिंगी. नर लहानपणी तसाच दिसतो. वय वाढतं तशी त्याची पाठ गडद होत जाते, पोट पांढरं राहतं आणि डोक्यावर पीळदार शिंगं चढतात. प्रौढ, बलवान नर माळाचा एक तुकडा आपला म्हणून ठरवतो. ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालून, डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा स्राव काड्यांना लावून तो हद्द आखतो. मादी जवळ आली की नाक वर, कान खाली, शिंगं पाठीवर टेकलेली अशा डौलात तो तिच्याभोवती चालतो आणि घशातून घुरघुरतो. शेजारचा नर हद्दीत आला तर शिंगाला शिंग भिडतं.

ही सगळी मेहनत मादीच्या निवडीसाठी असते. ती नरांच्या हद्दींतून फिरते, थांबते, पुढे जाते आणि मग एखाद्याला स्वीकारते. जिथे माळ मोठा आणि काळवीट दाट, तिथे अनेक नर एकमेकांना लागून छोट्या छोट्या हद्दी धरतात आणि माद्या तिथे निवडीसाठी येतात. गुजरातमधल्या वेळावदरच्या गवताळ प्रदेशात हे दृश्य दिसतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कविता ईश्वरन यांनी काळविटांच्या या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. आपल्याकडे नान्नजच्या माळावर मालढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून माद्यांना बोलावत असे, तोही याच रीतीचा. अशा रीतीत थोडेच नर बहुतेक पिलांचे बाप होतात. बाकीचे आयुष्यभर कडेला राहतात. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मीलनानंतर नराचं काम संपतं. मादी सुमारे सहा महिने गर्भ वाहते आणि एकच पाडस देते. उंच गवतात ते निपचित पडून राहतं आणि आई ठरावीक वेळी येऊन त्याला पाजते. एका पाडसामागे इतका काळ, इतकी झुंज आणि इतकी जोखीम. शेतातल्या माव्याची एक मादी तेवढ्याच काळात पिढ्यांमागून पिढ्या उभ्या करते, तेही नराशिवाय. मग काळविटासारख्या प्राण्यांनी हा महागडा मार्ग का धरला असेल? उत्तर शोधायला रस्त्याच्या कडेच्या सर्पोद्यानात जावं लागतं.

कुंडीतली आई

गिंडीचं सर्पोद्यान १९७२मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी इथे उभं केलं. सापांविषयीची भीती माहितीने कमी करायची, या हेतूने सुरू झालेली ही जागा आजही शाळेच्या सहलींनी भरलेली असते. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, धामण, अजगर आणि सोबत मगरी, कासवं. मराठी माणसाला यांतली बहुतेक नावं घरची आहेत आणि त्यांच्याबद्दलचे समजही.

त्यांतला एक समज प्रजननाशीच जोडलेला आहे. धामण ही नागाची मादी, असं आपल्याकडे गावोगाव सांगतात. खरं तर धामण ही स्वतंत्र जात आहे. नागांत नर-मादी असतात आणि धामणींतही असतात. शेताच्या बांधावर दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून जमिनीवरून वर उचललेले दिसले की लोक त्याला जुग म्हणतात. धामणींच्या बाबतीत ते बहुतेक वेळा दोन नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते. जो दुसऱ्याला खाली दाबतो तो जिंकतो. खरं मीलन जमिनीवर, अंगाला अंग लावून शांतपणे होतं आणि पुष्कळ वेळ चालतं. अनेक जातींच्या माद्या नराचं बीज शरीरात महिनोन् महिने साठवून ठेवू शकतात. अंडी कधी फळवायची याची वेळ त्या आपल्या सोयीने साधतात. नागीण अंडी घालते, तर घोणस जिवंत पिलांना जन्म देते.

आता या सर्वांपेक्षा आश्चर्याचा साप. तो बघायला काचेच्या पेटीची गरज नाही. चेन्नईतल्या कुठल्याही बागेतली ओली माती उकरली, कुंडी हलवली, पालापाचोळ्याचा थर बाजूला केला की तो सापडू शकतो. काळपट तपकिरी, चकचकीत, बहुधा वीतभरापेक्षाही कमी लांब. लोक त्याला गांडूळ समजतात. मराठीत त्याला वाळा म्हणतात. डोळे खवल्यांखाली दोन ठिपक्यांसारखे असतात, त्यांना उजेड-अंधाराचा फरक कळतो. मुंग्या आणि वाळवी यांची अंडी, अळ्या हे त्याचं अन्न. माणसाला त्याच्यापासून काहीही धोका नाही.

विज्ञानाला त्याची ओळख झाली तीही याच किनाऱ्यावर. पॅट्रिक रसेल या वैद्याने विशाखापट्टणमला या सापाची नोंद केली होती आणि तिच्या आधारे फ्रान्सच्या दोदँ यांनी १८०३मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. संग्रहालयांतले नमुने तपासले, तर सगळ्या माद्या. १९७४मध्ये सॅम्युअल मॅकडॉवेल यांनी नरांच्या अभावाकडे लक्ष वेधलं. १९८०मध्ये रोनाल्ड नुसबॉम यांनी सेशेल्स बेटांवरच्या सापांच्या अभ्यासातून ही जात केवळ माद्यांची असल्याचं दाखवून दिलं. १९८७मध्ये तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असल्याचं समोर आलं. वाळ्याची मादी कुठल्याही नराशिवाय थोडीशी अंडी घालते, त्यांतून फक्त मुली निघतात आणि त्या आईच्या प्रती असतात. याला अनिषेकजनन म्हणतात. इतर काही सापांत, घोरपडीच्या कुळातल्या कोमोडो ड्रॅगनमध्ये असा प्रकार अपवादाने घडतो. इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात २००६मध्ये एका कोमोडो मादीची नराविना फळलेली अंडी जगभर चर्चेत आली होती. पण जिची सगळी वाटचालच नराविना चालते अशी सापाची माहीत असलेली जात ही एकच.

म्हणूनच वाळा जगभर पोचला. रोपांच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतून, कुंड्यांतून, जहाजांतून तो आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि अनेक बेटांवर गेला. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर आज तो आहे. एका नव्या भूमीवर वसायला त्याला जोडीची गरज नाही. एक मादी पुरते.

त्याच कुंडीतलं गांडूळ याच्या नेमकं उलट आहे. प्रत्येक गांडुळाच्या अंगात नराचे आणि मादीचे, दोन्ही अवयव असतात. तरीही बहुतेक जातींची गांडुळं एकट्याने वंश वाढवत नाहीत. दोघं जवळ येतात, एकमेकांना बीज देतात, मग वेगळे होऊन प्रत्येक जण आपापली अंडकोशिका मातीत सोडतो. ज्याच्याकडे दोन्ही अवयव आहेत त्याला दुसरा हवा असतो आणि जिच्याकडे एकच लिंग आहे ती एकटी पुरी पडते. दिसायला सारखे असणारे हे दोन जीव एका मुठीतल्या मातीत राहतात.

चौसष्ट आणि सोळा

हिशेब मांडला तर वाळ्याची बाजू भक्कम दिसते. समजा एक एकटी मादी चार पिलं देते आणि सगळ्या मुलीच. त्या चौघी प्रत्येकी चार देतात, म्हणजे सोळा. पुढच्या पिढीत चौसष्ट. आता नर-मादीची जात घ्या. मादीने चार पिलं दिली तर त्यांत सरासरी दोनच मुली. त्या दोघींची आठ पिलं, त्यांत चार मुली आणि त्यांची सोळा पिलं. तीन पिढ्यांत एकीकडे चौसष्ट आणि दुसरीकडे सोळा. जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी हा दुपटीचा तोटा ठळकपणे मांडला. नर स्वतः पिलं देत नाहीत आणि तरी अर्धी संतती नरांची, मग निसर्गात नर टिकले कसे, हा गेल्या शतकातला जीवशास्त्राचा एक मोठा प्रश्न होता.

त्याची उत्तरं दोन बाजूंनी येतात. पहिलं हर्मन मुलर यांनी १९६४मध्ये मांडलं. प्रत काढताना चुका होतात. एकट्याने वंश वाढवणाऱ्या जातीत एखादी चूक घुसली की ती पुढच्या प्रत्येक प्रतीत राहते, तिच्यावर नवी चूक चढते आणि साफ करण्याचा मार्ग उरत नाही. दोघांच्या मीलनात मात्र दरवेळी पत्ते पिसले जातात. बीजपेशी तयार होताना आई-बापांकडून आलेली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात, मग अर्धा संच पुढे जातो. त्यामुळे काही पिलांच्या वाट्याला जास्त चुका येतात, काहींच्या वाट्याला कमी. जास्त चुकांची पिलं मागे पडतात आणि त्यांच्यासोबत त्या चुकाही जातात.

दुसरं उत्तर रोगांशी बांधलेलं आहे. १९७३मध्ये ली व्हॅन व्हॅलेन यांनी रेड क्वीन नावाचं गृहीतक मांडलं. परजीवी आणि रोगजंतू सतत बदलत असतात, त्यामुळे जीवांना आहे तिथे टिकायलाही सतत बदलत राहावं लागतं. सगळी संतती आईसारखीच असेल तर आईला हरवणारा जंतू सगळ्या घराला हरवतो. संतती वेगवेगळी असेल तर काही जण वाचतात. न्यूझीलंडच्या तलावांत एक गोगलगाय आहे जिच्यात एकट्या माद्याही असतात आणि नर-मादीही असतात. कर्टिस लाइव्हली यांना तिथे आढळलं की ज्या ठिकाणी परजीवी कृमी जास्त, तिथे नर जास्त. रोगाचा दबाव जिथे मोठा, तिथे दोघांची वाट टिकून राहते.

मराठी वाचकाला हा मुद्दा कळण्यासाठी न्यूझीलंडपर्यंत जायची गरज नाही, जळगाव पुरे आहे. रावेर, यावलच्या काळ्या जमिनीतली केळी बियांतून येत नाही. बागायतदार कंद लावतात किंवा ऊतीसंवर्धित रोपं आणतात. खाण्याच्या केळीत बी नसतं, कारण तिच्यातही गुणसूत्रांचे तीन संच असतात, वाळ्यासारखेच. मातृरोपाच्या मुळाशी मुनवे फुटतात आणि त्यातून पुढची बाग उभी राहते. शंभर एकरांतली लाखभर झाडं म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड. यामुळे फळ सारखं, घड सारखा, काढणी एका वेळी, बाजाराला सोयीचं. पण ग्रो मिशेल नावाच्या केळीची गोष्ट हा धोका स्पष्ट करते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यातीची ती मुख्य केळी होती. जमिनीतल्या बुरशीने येणाऱ्या पनामा मर रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि १९५०च्या दशकात व्यापाराला कॅव्हेंडिश गटाकडे वळावं लागलं. आपली बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. आता त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतातही पोचला आहे. एकट्याच्या वाटेचा वेग आणि एकट्याच्या वाटेचा धोका, दोन्ही जळगावच्या शेतकऱ्याच्या हिशेबात आहेत.

मधल्या वाटा

निसर्गाने या दोन वाटांमधलं कुठलं एकच दार उघडं ठेवलेलं नाही. ज्वारीवरचा मावा अन्न मुबलक असेपर्यंत पिलांमागून पिलं देतो, सगळ्या माद्या, सगळ्या जिवंत जन्मलेल्या. थंड प्रदेशांत हिवाळा जवळ आला की त्याच माव्यात नर दिसतात, मीलन होतं आणि टणक अंडी थंडीतून पार होतात. मधमाश्या आणि मुंग्यांत फळलेल्या अंड्यातून मादी येते आणि न फळलेल्यातून नर. मधमाशीच्या नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. पानफुटीच्या पानाच्या कडेवर छोटी रोपं उगवतात, पान जमिनीवर पडलं की ती मूळ धरतात. चेन्नईच्या अड्यार नदीत आणि पुण्याच्या मुळा-मुठेत वाढणारी जलपर्णी धुमाऱ्यांनी पसरते आणि अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. पण फुलून बीही देते, आणि ते बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पाणी आटलं तरी जलपर्णी संपत नाही ती या बियांमुळे.

सगळ्यांत जुने, सगळ्यांत लहान जीवही या नियमात आहेत. किंग इन्स्टिट्यूट गिंडीतच आहे. १८९९मध्ये देवीच्या लशीच्या कामासाठी सुरू झालेली ही संस्था आज रोगजंतूंच्या तपासणीचं मोठं केंद्र आहे. तिथे तपासले जाणारे जीवाणू स्वतःचे दोन भाग करतात. चांगल्या परिस्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत एकदा विभागतात, म्हणजे सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतात. यातही केवळ प्रतींवर भागत नाही. १९४६मध्ये लेडरबर्ग आणि टेटम यांनी दाखवलं की जीवाणूही एकमेकांना जनुकं देतात. प्रतिजैविकांना न जुमानण्याची क्षमता एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे अशीच जाते. ज्यांना संख्या वाढवायला कुणी लागत नाही, तेही दुसऱ्याकडचं काही तरी घेण्याची सोय राखून आहेत.

या सगळ्यांत मला सर्वांत समृद्ध वाटतो तो वड. गिंडीपासून थोड्या अंतरावर, अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात एक जुना वटवृक्ष आहे. त्याचं वय सुमारे ४५० वर्षं सांगितलं जातं. १९८९च्या वादळात त्याचं मूळ खोड कोसळलं, तरी झाड गेलं नाही. पारंब्यांनी केव्हाच जमीन धरली होती, त्यांचे खांब झाले होते. आज तो वड त्या खांबांवर उभा आहे.

जागा राखण्याचं काम पारंब्यांनी होतं. दूरच्या जागी पोचायला वड दुसऱ्यांवर विसंबतो. वडाचं फळ म्हणजे आत वळलेला फुलोरा, त्याच्या पोटात शेकडो बारीक फुलं. गांधीलमाशीच्या कुळातली दोन मिलिमीटरच्या आसपासची एक माशी फळाच्या टोकाच्या चिंचोळ्या दारातून आत शिरते. आत जाताना तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांमधले नर बिनपंखी असतात. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, बाहेर जाण्यासाठी बोगदा कोरतात आणि फळातच संपतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात, दुसऱ्या वडाच्या शोधात. मग पिकलेली फळं मैना, तांबट, कोकीळ आणि वटवाघळं खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. वडाला आपलं ठिकाण सांभाळण्यासाठी स्वतःचीच प्रत पुरते. ज्या जागेची त्याला काहीच माहिती नाही, तिथे तो दोघांच्या मिश्रणातून तयार झालेलं, आधी कधी नव्हतं असं बी पाठवतो.

भिंतीच्या आतला हिशेब

आता पुन्हा पोलो मैदानातल्या काळविटाकडे जाऊ. त्याच्याकडे वडाची पारंबी नाही, वाळ्यासारखी एकटीची वाटही नाही. त्याचा सगळा भरवसा दुसऱ्या काळविटावर आहे, आणि तो दुसरा शक्यतो दूरच्या कळपातला हवा. इथे भिंत आडवी येते.

आनुवंशशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९३१मध्ये एक सूत्र दिलं. कळपात डोकी किती आहेत यापेक्षा प्रत्यक्ष वंश चालवणारे नर आणि माद्या किती आहेत हे जास्त महत्त्वाचं. समजा एका कळपात शंभर काळवीट आहेत. त्यांत पन्नास माद्या पाडसं देतात आणि हद्द राखणारे पाचच नर त्यांचे बाप होतात. सूत्रानुसार हा कळप वंशाच्या दृष्टीने अठरा प्राण्यांइतकाच आहे. अशा कळपातली जनुकीय विविधता दर पिढीला सुमारे पावणेतीन टक्क्यांनी घटते आणि दहा पिढ्यांत साधारण चौथा हिस्सा जातो. शंभर डोकी मोजून आपण समाधान मानतो, पण आत अठरांचंच घर असतं. आणि तेच घर आपसांत लग्नं करत राहतं.

नराने झुंजून, मादीने निवडून जो मार्ग चालवला त्याचं प्रयोजनच असं बाद होतं. पत्ते पिसायचे, पण पुन्हा पुन्हा त्याच पत्त्यांनी. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पँथरचं असंच झालं. शिकार आणि तुटलेलं रान यामुळे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते वीस-तीसच उरले. शेपटीला वाक, हृदयाचे दोष, नरांच्या वृषणांचे दोष दिसू लागले. १९९५मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि चित्र पालटलं. नव्या रक्ताची पिल्लं निरोगी निघाली आणि पुढे संख्या शंभरापार गेली. आठ प्राण्यांनी एक वंश वाचवला.

गिंडीच्या काळविटांविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास मराठी अभ्यासकांच्या हाताशीच आहे. टी. आर. शंकर रामन, आर. के. जी. मेनन आणि रमण सुकुमार यांचा गिंडीतल्या चितळ आणि काळविटांवरचा निबंध १९९६मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये, म्हणजे मुंबईच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात परिस्थितिकीबरोबर व्यवस्थापन हा शब्द होता, आणि तो योग्यच आहे. भिंतीत कोंडलेलं रान आपोआप सावरत नाही. माळ झाडोऱ्याने भरत गेला, तर काळविटाला डौलाने चालायला आणि मादीला दुरून निवडायला जागाच उरत नाही. चितळांचं तसं नाही. ते झुडपांत, झाडांखाली, बागेत, इमारतींच्या सावलीत सहज राहतात. त्यामुळे एकाच भिंतीच्या आत एक प्राणी वाढतो आणि दुसरा मागे पडतो.

आपल्याकडे रेहेकुरी आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं हे काळवीट अभयारण्य १९८०मध्ये झालं आणि ते २.१७ चौरस किलोमीटरचं, म्हणजे गिंडीपेक्षाही लहान. पण तिथले काळवीट अभयारण्याबाहेरच्या माळावर आणि शेतांतही दिसतात. त्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे खरं आहे आणि त्याची भरपाई वेळेवर मिळायला हवी. तरी याच मोकळिकीमुळे एका कळपाचा नर दुसऱ्या कळपाच्या माद्यांपर्यंत पोचण्याची शक्यता जिवंत आहे. आजूबाजूच्या माळावर सौरप्रकल्प, रस्ते, कुंपणं, ऊस वाढत गेले, तर रेहेकुरीचंही गिंडी होईल. ते होण्याआधी आपण गिंडीकडून शिकावं, हा माझा आग्रह आहे.

काय करता येईल? पहिलं म्हणजे माळ माळच ठेवणं. विदेशी झुडपं आणि आपोआप वाढलेला झाडोरा काढून गवताला उजेड देणं, हे काळविटाच्या वंशवाढीचंच काम आहे. झाडं लावली की पर्यावरण वाचलं, ही समजूत इथे नुकसान करते. दुसरं, राजभवन, आयआयटी आणि उद्यान यांतले काळवीट एक कळप मानून त्यांची नोंद ठेवणं. कुंपणं प्रशासनाची आहेत, प्राण्यांची नाहीत. तिसरं, तामिळनाडूत कोडिक्करै, वल्लनाडू, सत्यमंगलम इथे काळवीट आहेत. जनुकीय तपासणी आणि रोगतपासणी करून काही प्राण्यांची अदलाबदल हा विचार गांभीर्याने व्हायला हवा. काळवीट फार घाबरट असतो आणि पकडताना झालेल्या ताणानेही मरू शकतो, म्हणून हे काम अनुभवी हातांनी, थोड्या संख्येत आणि सावकाश व्हावं लागेल. मेंढपाळाला कळपातला मेंढा ठरावीक काळाने बदलायला पशुवैद्य सांगतो, ते याच कारणाने.

वाळा, जलपर्णी, मावा, केळी यांच्याकडे बघून मला एकट्याच्या वाटेविषयी तुच्छता वाटत नाही. ती वाट जुनी आहे, वेगवान आहे, आणि कित्येक जीवांचं तिच्याशिवाय चाललं नसतं. पण दोघांच्या वाटेने चालणाऱ्या जिवांना आपण अशा जागी आणून ठेवलं आहे की तिथे तिचा फायदा त्यांना मिळत नाही. त्यांची झुंज, निवड, गर्भ, पाडस हा सगळा खर्च चालू आहे आणि बदल्यात मिळायला हवी ती नवी जनुकं मात्र भिंतीबाहेर आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव घालून काळविटाला गोळीपासून वाचवता येतं. त्याला जोडीदार मिळवून देण्याची जबाबदारी त्यानंतर सुरू होते. म्हणून दर वर्षीच्या प्राणिगणनेत, गिंडीत असो की रेहेकुरीत, एकूण डोक्यांच्या आकड्याशेजारी आणखी दोन नोंदी असाव्यात. या वर्षी किती नर बाप झाले? आणि बाहेरचा प्राणी या कळपात शेवटचा कधी आला? ज्या अभयारण्याला या दोन प्रश्नांची उत्तरं देता येतील, तिथला वंश खरोखर राखला जातो आहे असं म्हणता येईल.